भ्यालेलें शरीर आणि सुईचा उपचार

रांजणगांवाहून एका भगिनीचें पत्र आलें आहे. पत्र सात पानांचें असून तें एका बैठकींत लिहिलेलें दिसत नाहीं. मध्येंच शाई बदलली आहे आणि अक्षरही. नांव छापूं नये अशी त्यांची विनंति आहे. गांवाचें नांव छापण्यास मात्र त्यांनीं हरकत घेतलेली नाहीं, कारण महागणपतीच्या त्या गांवाभोंवतीं औद्योगिक वसाहत झाल्यापासून तेथें इतकीं नवीं बिऱ्हाडें आलीं आहेत कीं, एवढ्यावरून कोणी कोणास ओळखील असा संभव नाहीं.

हकीकत अशी. त्यांचा मुलगा तेथील एका कारखान्यांत कामाला आहे. गेल्या श्रावणांत रात्रपाळी संपवून तो आणि त्याचा मित्र मोटारसायकलवरून पुणें-नगर रस्त्यानें परतत असतां मालट्रकची धडक बसली. मित्र जागींच गेला. ह्यांच्या मुलाच्या कोपराला टांके पडले, तेवढेंच. “देवानें आमच्यावर दया केली,” असें त्या लिहितात, आणि लगेच पुढच्या ओळींत, “पण मुलगा आम्हांला परत मिळालेला नाहीं.” आठ महिने झाले. त्याला रात्रीं दोनच्या पुढें झोप नाहीं. भोंगा वाजला कीं हातांतला पेला पडतो. कारखान्याला जातांना तो मोठा रस्ता टाळून शेतांतल्या वाटेनें जातो. अलीकडे तर जातच नाहीं. घरांत कोणीं त्या मित्राचें नांव काढलें तर पानावरून उठतो, म्हणून आतां कोणी तें नांव काढीत नाहीं. आजीबाईंनीं दृष्ट काढली, महागणपतीला अभिषेक झाला, गांवच्या डॉक्टरांनीं झोपेच्या गोळ्या दिल्या. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावें असें त्या डॉक्टरांनींच सुचविलें. परंतु “वेड्यांच्या डॉक्टरकडे” जाण्यास मुलगा तयार नाहीं आणि वडीलही नाहींत. अशांत कोणीं एका ॲक्युपंक्चर करणाऱ्या गृहस्थांचें नांव सांगितलें. बारा वेळां सुया टोचून घेतल्या म्हणजे भीति निघून जाईल, गोळ्या बंद करा, कोणाशीं कांहीं बोलण्याची गरज नाहीं, असें ह्या गृहस्थांचें सांगणें. ‘बोलण्याची गरज नाहीं’ हें ऐकतांच मुलगा जावयास राजी झाला. ह्या भगिनींचा प्रश्न असा कीं, पाठवावें कीं न पाठवावें?

सुया टोचून मनाची भीति जाते हें ऐकून पुष्कळ वाचक हंसतील. त्यांनीं थोडें थांबावें. आपल्या भाषेंत ह्या मुलाच्या स्थितीला फार जुना आणि नेमका शब्द आहे, धसका. माणूस धसका घेतो आणि तो धसका छातींत बसतो. काळजांत धस्स होतें, पोटांत गोळा येतो, हातपाय गळतात, तोंडचें पाणी पळतें. भीतीविषयींच्या आपल्या बहुतेक बोलींनीं तिचें ठिकाण मनांत न सांगतां शरीरांतच सांगितलें आहे. वैद्यकानें ह्या स्थितीला ‘आघातोत्तर तणावविकार’ असें लांबलचक नांव दिलें, आणि अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या रोगसूचींत तें १९८० सालीं दाखल झालें. पण त्याचें वर्णन वाचलें तर तें आपल्या धसक्याचेंच आहे. धोका टळला हें बुद्धीला कळलेलें असतें, शरीराला कळलेलें नसतें. नाडी जलद चालते, स्नायू आंवळलेले राहतात, कान सदैव टवकारलेले असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हां आदल्याच दिवशीं गणपतीचें विसर्जन आटोपून लोक निजले होते. त्या पहांटेनंतर जे वांचले त्यांपैकीं कित्येकांना पुढें फार दिवस छपराखालीं झोप येईना. छप्पर नवें आहे, पक्कें आहे, हें त्यांना समजत नव्हतें असें नव्हे. आपल्या शिरूर तालुक्यांतही उंसाच्या फडांत बिबट्याच्या तावडींतून सुटलेलें माणूस नंतर वाऱ्यानें पाचट सळसळलें तरी दचकतें. त्याला भित्रें म्हणणारानें एकदां त्या फडांतून चालून पाहावें.

अपघातानंतर पहिले कांहीं आठवडे असें होणें हा रोग नव्हे. बहुसंख्य माणसें घरच्यांच्या आधारानें आपोआप सांवरतात. महिना उलटून गेल्यावरही तेंच चालू राहिलें आणि कामधंदा सुटूं लागला तर मात्र उपचार हवा. येथें तर आठ महिने झाले आहेत. तेव्हां ‘वेळ हेंच औषध’ असें म्हणण्याची वेळ निघून गेली आहे.

ह्या विकारावर आजमितीस उत्तम पुरावा असलेले उपचार बोलण्याचेच आहेत. त्यांची रीत थोडक्यांत सांगतों, कारण ‘मानसोपचार’ म्हणजे कोचावर निजवून बाळपण उकरून काढणें अशी आपल्याकडे समजूत आहे. एका पद्धतींत रुग्ण सुरक्षित जागीं, तज्ज्ञासमोर, तीच घटना पुनःपुन्हां सविस्तर सांगतो. टाळलेल्या रस्त्यावर हळूहळू, पायरीपायरीनें, पुन्हां जातो. सांगतां सांगतां आणि जातां जातां शरीराला उमगूं लागतें कीं, ही आठवण आहे, घटना नव्हे. दुसऱ्या पद्धतींत त्या घटनेवरून मनानें जे निष्कर्ष काढले आहेत, म्हणजे दोष माझा, मी वांचण्यास लायक नव्हतों इत्यादि, त्यांची कसून छाननी होते. तिसरींत आठवण मनांत धरून डोळे विशिष्ट तऱ्हेनें हालवावयाचे असतात. सगळ्यांत मिळून दहाबारा किंवा थोड्या अधिक बैठका लागतात. जन्मभर खेटे घालावे लागत नाहींत. अडचण एकच, पण ती मोठी आहे. ज्याला आठवणीच्या उच्चारानेंच घाम फुटतो त्याला ती सांगावयास बसवावयाचें कसें? पुष्कळ रुग्ण दोनतीन बैठकांनंतर येईनासे होतात, आणि कित्येक ह्या मुलाप्रमाणें उंबरठाच ओलांडीत नाहींत.

आणि ह्याच ठिकाणीं सुईचा कांहीं उपयोग होण्याजोगा आहे.

ॲक्युपंक्चर ही चीनची फार जुनी विद्या. शरीरांत ‘ची’ नांवाची शक्ति ठराविक मार्गांनीं वाहते आणि सुईनें तिचा अडथळा दूर होतो, अशी तिची मूळ उपपत्ति. ही उपपत्ति आधुनिक शरीरशास्त्राला दाखवितां आलेली नाहीं. परंतु बारीक सुई टोचल्यानें मज्जातंतूंना चेतना मिळते आणि तिचा परिणाम मेंदूपर्यंत पोंचतो, हें आढळून आलेलें आहे. आपल्या घरांतून कोणी म्हणतात कीं, हें मूळचें आपलेंच. सुश्रुतानें कर्णवेध सांगितला तेंच चिन्यांनीं उचललें. सुश्रुतानें बाळाचे कान टोचणें रक्षणासाठीं आणि भूषणासाठीं सांगितलें आहे ही गोष्ट खरी. पण तेवढ्यावरून एवढा मनोरा रचूं नये. चिनी विद्या चिन्यांची म्हणून घेण्यांत आपलें कांहीं जात नाहीं. ती हिंदुस्थानांत कशी आली त्या कथेंत महाराष्ट्राचा धागा आहेच. १९३८ सालीं जपानी आक्रमणाच्या वेळीं काँग्रेसनें पांच डॉक्टरांचें पथक चीनला पाठविलें, त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजीं तिकडेच वारले. सुईची विद्या कोटणिसांनीं आणली असें सर्रास बोललें जातें, तें बरोबर नव्हे. ते शस्त्रवैद्य होते. त्यांचे पथकांतील सहकारी डॉ. विजयकुमार बसू हे १९५८ सालीं पुन्हां चीनला गेले, तेथें ही विद्या शिकले आणि कलकत्त्यास परत येऊन त्यांनीं ती येथें रुजविली.

मनाच्या आघातावर हिचा उपयोग करण्याची कल्पना पुष्कळ अलीकडची. न्यूयॉर्क शहरांतील लिंकन रुग्णालयांत १९७० नंतरच्या दशकांत अफूसारख्या व्यसनांतून सुटूं पाहणाऱ्यांना प्रत्येक कानांत पांच ठराविक जागीं बारीक सुया टोचून अर्धापाऊण तास शांत बसविण्याची पद्धत सुरूं झाली. तिच्यानें त्यांची तगमग कमी होते असें तेथील लोकांना दिसलें. २००१ सालीं त्या शहरांतले दोन उंच मनोरे पाडले गेले, त्यानंतर तेथील पीडितांना आणि बचावकार्य करणाऱ्यांनाही हीच पद्धत देऊं केली गेली. तिचा एक गुण आपल्याकडील भगिनींच्या दृष्टीनें सांगण्यासारखा आहे : खुर्चीवर बसून, अंगावरचें वस्त्र न काढतां आणि एक शब्दही न बोलतां ती घेतां येते.

पण ‘लोकांना दिसलें’ म्हणजे सिद्ध झालें नव्हे. सिद्धतेचे प्रयत्न कसे झाले तें पाहूं. २००७ सालीं मायकेल हॉलिफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंत ह्या विकाराचे ८४ रुग्ण घेऊन चिठ्ठ्या टाकाव्या तसे त्यांचे तीन गट पाडले. एकाला सुया, दुसऱ्याला गटानें बसून विचार-वर्तनाचा मानसोपचार, तिसऱ्याला नुसतें थांबण्यास सांगितलें. पहिल्या दोन्ही गटांना जवळजवळ सारखाच आराम पडला आणि तीन महिन्यांनंतरही तो टिकून होता. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगांत ५५ सैनिक होते. सर्वांचा नेहमींचा उपचार चालूच ठेवला आणि निम्म्यांना त्याच्या जोडीला आठ वेळां सुया दिल्या. जोडीचा उपचार घेणारे अधिक सुधारले. आपल्या प्रश्नाला हा प्रयोग सर्वांत जवळचा, कारण त्यांत ‘हें कीं तें’ असें नसून ‘त्यासह हें’ असें होतें.

तिसरा प्रयोग मला स्वतःला अधिक बोलका वाटतो. तोही हॉलिफील्ड यांचाच. २०२४ सालीं तो प्रसिद्ध झाला. ९३ माजी सैनिकांना बारा आठवडे, आठवड्यांतून दोन वेळां सुया टोचल्या. मात्र निम्म्यांना शास्त्रोक्त जागीं, आणि निम्म्यांना भलत्याच जागीं, अगदीं वरवर. कोणाला कोणत्या, हें रुग्णांना ठाऊक नव्हतें. शास्त्रोक्त सुयांचा गट अधिक सुधारला. इतकेंच नव्हे, तर भीतीचा इशारा मिळतांच पापणी किती जोरानें मिटते हें यंत्रानें मोजलें, तेव्हां त्यांचें दचकणेंही कमी झालेलें आढळलें. पण भलत्या सुयांचा गटही बराच सुधारला! ह्याचा अर्थ निंदकांनीं ‘सारें थोतांड’ असा लावूं नये आणि भक्तांनीं ही गोष्ट झांकूंही नये. आठवड्यांतून दोनदां कोणीतरी आपली आस्थेनें विचारपूस करतो, निजवतो, तासभर कोणी हांक मारीत नाहीं, ह्याचाही गुण येतो. आपल्या घरांतून आजारी माणसाला असा एक निवांत तास किती वेळां मिळतो?

हे प्रयोग लहान आहेत. म्हणूनच अमेरिकेच्या लष्करी आणि माजी सैनिकांच्या आरोग्यखात्यांनीं २०२३ सालीं जी उपचारनियमावली काढली, तिच्यांत बोलण्याच्या उपचारांची स्पष्ट शिफारस आहे, आणि ॲक्युपंक्चरविषयीं ‘घ्या’ असेंही नाहीं, ‘घेऊं नका’ असेंही नाहीं. पुरावा अपुरा, एवढेंच म्हटलें आहे. माझेंही मत ह्याहून फार निराळें नाहीं. सुईनें शरीराची तगमग उतरण्याचा संभव आहे. तगमग उतरली तर झोप लागेल, आणि झोंप लागलेला माणूस बोलावयास बसूं शकेल. सुई ही त्या दाराशीं नेणारी आहे. जे गृहस्थ ‘बोलण्याची गरज नाहीं’ असें सांगतात ते दारच बुजवितात.

असें मी निश्चयानें कां म्हणतों, तें ह्या पत्राच्या सातव्या पानावर आहे. अगदीं शेवटीं, सहीच्या वर, ह्या भगिनींनीं एक वाक्य लिहिलें आहे : गाडी त्या रात्रीं आपला मुलगा चालवीत होता.

भोंग्यानें दचकणें ही भीति आहे, आणि भीति शरीरांत राहते. परंतु ‘गाडी मी चालवीत होतों’ ही भीति नव्हे. जिच्यावर सुई टोचावी अशी त्याची जागा अंगावर कोठेंही नाहीं. त्यासाठीं कोणीतरी जाणत्यानें त्या मुलासमोर बसून शांतपणें विचारावें लागेल कीं, ट्रक दिसला तेव्हां अंतर किती होतें, त्या क्षणीं तुला काय ठाऊक होतें आणि काय नंतर कळलें, दुसरें काय करतां आलें असतें, आणि तुझ्या जागीं तो मित्र असता तर तूं त्याला काय म्हणाला असतास. त्यांत कदाचित् थोडी चूक त्याची निघेल, कदाचित् निघणारही नाहीं. निघाली तरी जेवढी आहे तेवढीच ती राहील. आज ती मोजलेलीच नसल्यामुळें आभाळाएवढी झाली आहे. आई लिहितात, “त्याच्या मनांतलें बाहेर काढूं नये असें मला वाटतें, निघालें तर तो कोसळेल.” बाई, तें बाहेर निघालेलेंच आहे. पहांटे दोन वाजतां तो त्याच्याशीं एकटा बसलेला असतो.

आतां व्यवहाराचें. मुलगा सुया घ्यावयास तयार आहे, तर त्याला अडवूं नये. मात्र ह्या गृहस्थांकडे नव्हे. महाराष्ट्रानें २०१५ सालीं ॲक्युपंक्चरचा स्वतंत्र कायदा केला असून त्याखालीं उपचारकांच्या नोंदणीसाठीं परिषद आहे. २०१९ सालीं केंद्र सरकारनेंही ह्या पद्धतीला स्वतंत्र मान्यता दिली. तेव्हां नोंदणी विचारण्यांत संकोच नसावा. सुया एकदांच वापरून टाकून देण्याच्या, बंद पाकिटांतल्या, आपल्यादेखत फोडलेल्या हव्यात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास किंवा स्त्री गरोदर असल्यास तें आधीं सांगावें. छातीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊं शकते, म्हणून हें हौशी माणसाचें काम नव्हे. आघात झालेल्या माणसाला अनोळखी जागीं पालथें निजविलें किंवा न सांगतां मागून स्पर्श केला तर त्यानेंच तो बिथरेल. उपचारकाला अपघाताची कल्पना अगोदर द्यावी आणि पहिल्या खेपेस कानांतल्या सुयांवरच थांबावें. जो उपचारक दुसऱ्याच्या गोळ्या बंद करावयास सांगतो त्याची पायरी पुन्हां चढूं नये. झोपेच्या गोळ्या चालूच राहाव्या असें मी म्हणत नाहीं. धसक्यावरचा तो खरा उपचार नव्हेच, आणि त्यांची संवय जडते. पण त्या एकाएकीं तोडणें धोक्याचें आहे. उतरवावयाच्या त्या डॉक्टरांनींच, क्रमाक्रमानें.

मानसोपचारतज्ज्ञाविषयीं वडिलांना माझा निरोप सांगावा. रांजणगांवची आख्यायिका त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक असेल : त्रिपुरासुराशीं लढतांना प्रत्यक्ष शंकरालाही एकट्यानें जय मिळेना, त्याला गणेशाची आराधना करावी लागली, आणि तें स्थान हेंच. मदत मागण्यांत शंकराला उणेपणा वाटला नाहीं. पुणें तेथून सुमारें पन्नास किलोमीटर आहे. ससून रुग्णालयांत मनोविकारांचा विभाग आहे, आणि तेथें येणारांपैकीं बहुतेक आपल्यासारखेच न झोपणारे, दचकणारे, उदास झालेले लोक असतात. जावयाचें धैर्य होईपर्यंत १४४१६ ह्या क्रमांकावर सरकारची ‘टेलिमानस’ ही सेवा आहे. २०२२ सालापासून ती चालू असून अहोरात्र, विनामूल्य, मराठींतही बोलतां येतें. आणि एक प्रश्न आईवडिलांनींच मुलाला सरळ विचारावा : जीव नकोसा वाटतो काय? विचारल्यानें तसा विचार मनांत भरतो ही समजूत चुकीची आहे. उत्तर होय असें आलें तर सुई, गोळी, मुहूर्त, कशाचीही वाट न पाहतां त्याच दिवशीं पुणें गांठावें, आणि तोंवर त्याला एकटें ठेवूं नये.

राहिला पत्रांतला शेवटचा प्रश्न. मृत मित्राच्या आईनें दोनदां निरोप धाडला आहे कीं, मुलाला एकदां पाठवा, पाठवावें काय? इतक्यांत नको. तें जाणें त्याच्या उपचाराचाच एक भाग होईल, आणि त्याचा दिवस त्यानें व त्याच्या डॉक्टरांनीं मिळून ठरवावा. परंतु बाई, आपण लिहितां त्यावरून तें घर दोन आळ्या पलीकडे आहे, आणि ह्या आठ महिन्यांत आपणही तेथें गेलेल्या दिसत नाहीं. आपण जा. मुलाला सांगून जा, आणि परत आल्यावर तिकडे काय बोलणें झालें तें, त्या मित्राचें नांव घेऊन, जेवतांना सर्वांसमोर सांगा.